काल

सिव्हिलच्या अकरा नंबर खोलीत
शिवलीला सिस्टर स्टुलाकडं बोट करून म्हणाली,
"अक्का, काल् तोर्सरी."
पाय दाखवा, एवढंच.

चाळीस वर्षं वडगावात काढून
मालनला बाजारापुरतं कानडी येतंय,
मेथीची पेंढी, जंपरचा कपडा, रिक्षाचं भाडं.
पण मनात चोरी असली की
कान माहेरची भाषा धरतात.
तिनं ऐकलं, काल.
आणि पदर सावरून सगळं सांगून सोडलं:
शहापुरात भाचीचा साखरपुडा,
द्रोणातला कुंदा,
सगळ्यांच्या देखत नको म्हणाली,
मग हात धुवायच्या निमित्तानं मागीलदारी
दोन बोटं.
मग परत दोन.

सिस्टरला अर्धं तिच्याकडनं कळलं,
अर्धं माझ्या तोंडाकडं बघून.
ती हसली नाही.
मी हसलो.
खासबाग येईपर्यंत मालन रिक्षात
बाहेर बघत बसली.

तसं हसायचं तोंड मला नव्हतं.
पहिले पंधरा दिवस मी जेलर झालतो,
गुळाची ढेप ट्रंकेत, किल्ली करदोट्याला.
घरी तिच्यासंगं बिनसाखरेचा चहा प्यायचा
आणि पाळी सुटली की नाक्यावर
दोन चमचे जास्त घालून घ्यायचा.
तिनं एकदाच विचारलं,
"नाक्यावरचा चहा गोड असतोय न्हवं?"
मी मागातला दोरा निवडत राहिलो.

श्रावणात कांडीची चिरफळी
तिच्या टाचेत दोन दिवस होती.
दुखलं नाही म्हणून कळलं नाही.
फरशीवरचे डाग पुसताना
ती शेजारच्या पोराला रागवत होती,
कुंकू कुणी सांडलं म्हणून.

तेव्हापासून रात्री जेवणं झाली की
मी ट्यूबखाली पाट ओढतो.
पहिल्या दिवशी तिनं पाय आखडून घेतले,
"नवऱ्यानं पाय धरायचे? पाप लागंल मला.
माझं मी बघतो की."
उठून दाराला कडी लावून आली,
खिडकीसुद्धा ओढून घेतली,
आणि मग एकच पाय दिला. डावा.
उजवा मिळायला आठवडा गेला.

मी कापड तपासण्यात जन्म घातला.
साडी पसरायची, बोट फिरवायचं,
कुठं तार तुटली, कुठं गाठ, कुठं तेलाचा डाग.
तसाच चष्मा आपोआप खाली येतो.
बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा,
करंगळीजवळचं घट्टं,
आणि टाचेला ती पांढरी खूण, तांदळाएवढी.
इतक्या वर्षांत हे पाय मी
दारातनं येताना जाताना फक्त ऐकले होते.

सिस्टरकडं एक नायलॉनचा धागा आहे.
डोळे मिटायला सांगून तळव्याला टेकवते,
गोत्त आयतेन्री? कळलं का?
माझ्या हिशेबानं जाडच धागा.
मी घरात मागावरचा तुकडा घेतो,
पिरगाळून, टोकाला मेण लावून.
शेजारच्या शेडात माग चालू असतात,
खटक खटक, त्यात तिचं "हं" ऐकू यावं म्हणून
कान खाली न्यावा लागतो.

अंगठ्याला टेकवला. "हं."
चवड्याला. "हं."
टाचेला.
गप्प.
जरा दाबून.
गप्प.

काल मात्र मला खोकला आला
म्हणून धागा हवेतच राहिला,
टाचेपासून चांगला वीतभर लांब.
डोळे मिटलेली मालन म्हणाली,
"हं."